फिल्टरवाला आणि दोन बादल्या

डोंबिवलीत आमचा पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला येणारा माणूस बोलतो कमी आणि पाणी चाखतो जास्त. अर्धी उल्हास नदी त्याच्या पोटात असावी. त्याने नवा कार्बन बसवला की नळाला हमखास शाई येते. परवा तर अशी काळी धार लागली, की टाक बुडवून मुलीची लग्नपत्रिका लिहावी. आणि तासाभरात तिचे होणारे सासरे पहिल्यांदाच घरी येणार होते!

"अहो, हे पाजू त्यांना?" मी ओरडलो.

त्याने ग्लास उजेडात धरला, घोटभर प्यायला. "नव्या कार्बनची भुकटी आहे, साहेब. दोन बादल्या सोडल्या की काच."

"मग सोडा की!"

"सोडतो ना," म्हणाला, आणि नळ केसाएवढा उघडून उभा राहिला. दर वेळी हेच! या वेगाने मुलीची मुलं लग्नाला आली असती. शेवटी बायकोनेच नळ पूर्ण फिरवला. तशी त्याने धावत जाऊन बाथरूममधली बादली आणून धारेखाली लावली.

"वहिनी, सिंकमध्ये नको हो. गावी खडवलीला माझी आई अजून डोक्यावरून पाणी आणते."

लिफ्टमध्ये सांडेल म्हणून चार मजले जिन्याने उतरून त्याने ती बादली सोसायटीच्या जास्वंदीला घातली. दुसरी नेताना दारातच सासरे भेटले. आत नळाला काचेसारखं पाणी होतं आणि बाहेर घामाने निथळणारा हा.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

माझं डोकं अजून तापलेलंच होतं. तरी म्हणालो, "आमच्या घरचेच आहेत."