सातव्या रेच्याचं फडकं

कापसाच्या जिनात माझा मान होता तो माझ्या कानामुळे. कापसातून सरकी वेगळी करणारे वीस रेचे एका लांब दांड्यावर पट्ट्यांनी फिरत, आणि त्यातला कुठला कुरकुरतोय हे मी फाटकात चहा पिता पिता सांगत असे. रेचा अडला की त्यावरची बाई हाक मारायची, "मिस्त्री, या ना जी!" मी लगेच उठत नसे. दोन हाका होऊ द्यायच्या, तंबाखू नीट चोळायची, मग निघायचं. तेवढा वेळ रेचा बंद राही खरा, पण मोठा मिस्त्री कोण हे सगळ्यांना कळे.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या हंगामात कापूस इतका आला की आसेगावकडच्या बैलगाड्या फाटकाबाहेर मुक्काम करू लागल्या. शेठजींनी रिसोडहून एक नवा मिस्त्री आणला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि तेलकट कामावरही इस्त्रीचा शर्ट. पहिल्याच आठवड्यात त्यानं बायांना सांगितलं, "रेचा बंद पडाची वाट कायले पाहता? आवाज बदलला, जळका वास आला, की लाल फडकं बांधा. जेवणाच्या सुट्टीत मी पाहून घेतो."

बाया सांगणार आणि मिस्त्री ऐकणार! मी सगळ्यांदेखत हसलो. पण पंधरा दिवसांत हाका थांबल्या. रेचे चालूच राहू लागले, बाया स्वतः आवाज ओळखू लागल्या, आणि सकाळी आल्या आल्या मला विचारणारे शेठजी सरळ फडकी बघत रांगेतून फिरू लागले. माझ्या पोटात असं दुखायचं की भाकर गोड लागेना. त्यात एकदा शेठजी म्हणाले, "पुढच्या हंगामाले मोठा मिस्त्री कोण, ते होळीनंतर पाहू." वीस वर्षं मी काय माशा मारत होतो?

एका दुपारी सातव्या रेच्यावर फडकं दिसलं. त्याचा बुश, म्हणजे ज्यात आस फिरतो ती धातूची कडी, तापून कण्हत होता, ते मला फडक्याआधीच ऐकू आलं होतं. नवा मिस्त्री रांगेच्या दुसऱ्या टोकाला होता. मी फडकं सोडलं, खिशात घातलं आणि फाटकाकडे चालू लागलो.

चारच्या सुमाराला बुश धरला, पट्टा सुटून दांड्याला गुंडाळला आणि सगळी रांग थांबली. दुरुस्तीत दिवस मावळला. शेठजी जैन, सूर्यास्तानंतर घास घेत नसत. ते उपाशीच उभे होते, आणि आवाज चढवून त्यांनी नव्या मिस्त्रीला विचारलं, "फडकं होतं का नव्हतं?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "होतं, शेठजी. माह्याच नजरेतून सुटलं."

तिसऱ्या दिवशी तो रिसोडच्या एसटीत बसून गेला. मोठा मिस्त्री मीच राहिलो. त्या संध्याकाळी मी शीळ घालत घरी गेलो, हेही लपवत नाही.

आठ दिवसांनी सातव्या रेच्यावरची बाई सरकीची टोपली खाली ठेवून माझ्यापुढे उभी राहिली.

"फडकं मीच बांधलं होतं, मिस्त्री. तुमी सोडून राह्यले होते, ते मी पाह्यलं."

मी विचारलं, "मंग शेठजीले काहून नाही सांगतलं?"

"नव्या मिस्त्रीले सांगतलं होतं. तोच म्हने, बाई, गप राहा. फडकं बांधाले कोणालेबी शिकवता येते. मोठ्या मिस्त्रीवानी कान कुठून आनाचा?"

ती टोपली उचलून गेली. मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण फार नंतर. त्या घटकेला उफाळला तो हेवाच, आधीपेक्षा दुप्पट. डोक्यानं तो माझ्यापेक्षा सरस आहे, हे मी कसंबसं गिळलं असतं. आता मनानंही तोच सरस निघाला होता, आणि भांडायला समोर नव्हता.