दुसरी पाळी

संपानंतर गिरणी कायमची बंद पडली, तरी लालबागच्या चाळीतला धोंडू जॉबर शेवटपर्यंत जॉबरच, म्हणजे पाळीतल्या कामगारांचा मुकादमच, राहिला. त्याच्या पाळीतल्या कुणाच्या निधनाची बातमी गिरणी कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली, की तो नात लतिकाच्या कॉम्प्युटरवर फोटोचा स्क्रीनशॉट काढायचा. ते सगळे डेस्कटॉपवर विखरून पडायचे.

"एकदा रस्त्यावर आली माझी माणसं, आता पुन्हा नाय!" तो लतिकावर खेकसला. तिने स्क्रीनशॉट साठवायची जागा बदलली आणि नवं फोल्डर केलं. नाव त्यानेच सांगितलं, ‘दुसरी पाळी’. रोज दुपारी तीनला ते उघडून तो एकेकाची हजेरी घ्यायचा.

परवा ग्रुपवर धोंडूचाच फोटो आला. लतिकाने स्क्रीनशॉट काढला. तो आपसूक दुसऱ्या पाळीत गेला. हजेरी घ्यायला मात्र आता कुणी उरलं नव्हतं.