खराब डिस्कमधली हाक

आमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली आणि तिच्याबरोबर आईचा आवाज गेला. गळ्यातला आवाज त्याआधीच घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला होता. पण त्याच्या आधीची एक क्लिप होती, उसन्या कॅमेऱ्यावर मी उगीच काढलेली. आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून समोरच्या काकूंना हाक मारते, बस, एवढंच. तिचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

ती हाक मारायचं कारण पाणी. नारपोलीला आमच्या चौकात खाली एकच नळ, आणि पाणी यायची वेळ त्याच्या मर्जीवर. नळ आमच्या वरच्या खिडकीतून दिसायचा, समोर तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंना दिसायचा नाही. म्हणून वर्षानुवर्षं आई ओरडायची आणि काकू कळशी घेऊन धावायच्या. ऑपरेशननंतर आई खिडकीत ताट वाजवायला लागली, पण आमच्या भिंतीला लागूनच लूमचा, कापड विणायच्या यंत्रमागांचा कारखाना. त्या खडखडाटात ताट कुठलं ऐकू येतंय? काकूंचं पाणी हुकायचं आणि आई दिवसभर स्वतःवरच चिडलेली असायची.

दुरुस्तीवाला म्हणाला, ताई, फेकून द्या ही डिस्क. मी फेकते कसली! नवीन डिस्क आणली, जुनी बाजूला जोडली आणि सायबर कॅफेतून एक फुकटातलं टूल उतरवून आणलं. त्याला ना बटणं, ना चित्रं. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ. कमांड टाइप करायची, एंटर मारायचं, की ते जुन्या डिस्कवरचं वाचता येईल तेवढं उचलून नवीनवर आणणार, असं त्याचं म्हणणं. आणतंय कसलं डोंबल! थोडं चालायचं आणि ‘वाचता येत नाही’ असं इंग्रजीत सांगून गप्प व्हायचं. एकाच जागी अडलं असतं तर समजून घेतलं असतं. पण ते मेलं रोज नव्या जागी अडायचं आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू करावं लागायचं.

मी एका क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवायचे आणि घरी येऊन या टूलपुढे हात टेकायचे. केबल बदलली, पंखा साफ केला, रॅम काढून पुन्हा बसवली. कमांडच्या पुढे जोडता येतील ती सगळी अक्षरं जोडून पाहिली. बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. चहाचा कप हातात घेऊन मी पडद्यापुढे येरझारा घालायचे आणि चहा तसाच गार व्हायचा.

एका शुक्रवारी मी ‘हळू वाच’ अशी सूचना जोडली आणि टूल चालत राहिलं, कितीतरी पुढे गेलं. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात लाइट गेली. शनिवारी तीच कमांड, तीच अक्षरं, आणि टूल पुन्हा आडवं पडलं. माझं डोकंच फिरलं. मी त्या टूलला इतक्या शिव्या घातल्या की आईने पाटीवर लिहून दाखवलं, ‘जाऊ दे.’

‘तुला नको असेल,’ मी म्हणाले, ‘मला हवाय तुझा आवाज.’

ती पाटी पुसत आत गेली. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

पुढच्या शुक्रवारी मी टूलची जुनी आवृत्ती लावली, तर ती सुरळीत धावायला लागली. मी पडद्यावरून नजर हलवेना. आईने जेवणाचं ताट आणलं आणि माझ्या कानाशी चमचा वाजवत राहिली, वाजवत राहिली. मी वैतागून टेबलावर हात आपटला. टूल तिथल्या तिथे बंद.

मी हाताकडे बघत बसले. घरात अगदी शांत होतं, आणि ते शांत आहे हे मला तेव्हा कळलं. शुक्रवार म्हणजे लूमची सुट्टी. लूमचा आवाज आम्हाला एरवी ऐकूच यायचा नाही, पाहुणे कानांवर हात ठेवायचे तेव्हा आठवण व्हायची. शनिवारी कारखाना सुरू झाल्यावर मी टेबलावर तळवा ठेवला. टेबल थरथरत होतं. ते त्या भिंतीलाच टेकवलेलं होतं आणि मरायला टेकलेली डिस्क दिवसभर हादरे खात होती. बिचाऱ्या टूलला मी उगीच बोल लावत होते.

मग तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. शुक्रवार उजाडताच खोलीच्या मधोमध गोधडी अंथरली, तिच्यावर कॉम्प्युटर मांडला, कमांड दिली आणि आईला खुणेनेच बजावलं की ताट वाजवायचं नाही. पंखा जरा मंद फिरला तरी माझा जीव लाइटसाठी वरखाली व्हायचा. दुपार उतरायला लागली तेव्हा टूलने काम संपल्याचं सांगितलं. फायलींची नावं गेली होती, नुसते आकडे राहिले होते. एकेक उघडत गेले. अर्धी गाणी, अर्धे फोटो. मग आमची खिडकी दिसली आणि खिडकीत आईची पाठ.

लूममुळे आमचे स्पीकर कायम पूर्ण मोठे केलेले असायचे. ते मी कमी केले नव्हते. आधी लूमची खडखड आली आणि तिच्यावर चढून आई ओरडली:

‘वहिनीऽऽ, पाणी आलं!’

आईने गळ्यावरच्या, ऑपरेशनच्या भोकापाशी हात नेला. ती पडद्याकडे बघत होती. तेवढ्यात खाली भांडं आपटल्याचा आवाज झाला, दार उघडलं, चपला फटफटल्या. आम्ही दोघी खिडकीशी गेलो.

काकू कळशी घेऊन नळापाशी पोचल्या होत्या. त्यांनी नळ सोडला. नळ कोरडाच होता. त्यांनी तो बंद केला आणि वर बघितलं. आई खिडकीत उभी होती, तोंड मिटलेलं. मग काकूंनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या,

‘परत लाव गं. मी इथेच उभी आहे.’