नसीमआपांनी मागे फिरवलेली वाट

शाळेत हजेरी घेत होते तेव्हा इक्बालभाईंचा फोन आला. "भाभी, नसीम गेली…" आदल्याच रविवारी त्यांची बायको माझ्याबरोबर वेरूळच्या डोंगरावर पाठीला ओझं लावून चढली होती, आणि मला दम लागला म्हणून हसली होती. हृदय एकाएकी थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

मुकुंदवाडीच्या आमच्या शाळेत नसीमआपा पीटी शिकवायच्या, मी भूगोल. आमच्या संभाजीनगरात बर्फ दिसतो तो रसवंतीत. तिथली ही बाई चाळिशी उलटल्यावर एकटी हिमाचलात जाऊन स्की शिकून आली आणि स्टाफरूममध्ये म्हणाली, "आता तुम्हालाबी नेते." आम्ही हसलो. पण दोन हिवाळ्यांत त्यांनी आठ बायकांना खरंच बर्फावर उभं केलं. तिसऱ्या वर्षी ठरली दिवसभराची सफर. लिफ्ट नाही, आखलेली उतरण नाही. स्कीच्या तळाला न घसरणारी पट्टी चिकटवून खिंडीपर्यंत चढायचं, मग पट्टी सोलून घसरत खाली यायचं.

त्यांच्या तयारीला तोड नव्हती. बर्फात गाडलेल्या माणसाला शोधणारं यंत्र त्या शेजारच्या बांधकामाच्या वाळूत पुरायच्या आणि आम्हाला शोधायला लावायच्या. जाणारे येणारे थांबून बघत. घरात जमिनीवर नकाशा पसरून त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "मागं कुठून फिरायचं?" मी एकदा म्हटलं, आपा, ते तिथं गेल्यावर बघू. त्या म्हणाल्या, "वर गेल्यावर खिंड दिसते गं, अक्कल नाय दिसत. इथंच ठरवू." आमच्या आठजणींत सगळ्यात हळू चालणाऱ्या सुलभाताईंना रांगेत पुढं ठेवायचं, हेही त्याच बैठकीत ठरलं.

त्या दिवशी आभाळ निळंशार होतं. खिंड समोर, हाताला लागेल इतकी जवळ. मधल्या उतारावर मात्र रात्रीच्या वाऱ्यानं ताजा बर्फ आणून रचला होता आणि ऊन चढत होतं; असा थर पाय पडताच सुटून कोसळू शकतो. आमचा तिथला वाटाड्या प्रेमसिंग काठीनं बर्फ टोचत म्हणाला, "जा सकते हैं शायद… पर मेरा मन नहीं मानता." आपांनी एकही प्रश्न विचारला नाही. "चला, माघारी."

सुलभाताई तिथंच बसल्या आणि रडायला लागल्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पुन्हा येणं होणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दोघी-तिघी आपांवर चिडल्यासुद्धा. आपा सुलभाताईंजवळ बर्फात बसल्या, त्यांचे हातमोजे नीट केले आणि म्हणाल्या, "सुलू, खिंड ऱ्हाऊ दे तिथं. मला तू घरी पायजे." मग खालच्या भूर्जवनातल्या सौम्य उतारावर त्यांनी सुलभाताईंना सगळ्यांच्या आधी सोडलं. डोळे पुसत निघालेली ती बाई अर्ध्या वाटेत ओरडत हसत होती. तो आवाज अजून कानात आहे…

तो उतार त्या दिवशी कोसळला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. परतीच्या गाडीत कुणीतरी टोमणा मारला, "बघा आपा, काहीच झालं नाही." आपा डबा उघडत शांतपणे म्हणाल्या, "व्हय, नाय झालं. लई चांगलं झालं." आपण बरोबर होतो, हे सिद्ध करण्याची गरज त्यांना कधीच वाटली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्याच घरी आम्ही जमलो. यंदाची सफर मी न्यावी, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी नकाशा पसरला खरा, पण बोट खिंडीपाशीच अडलं. शेवटी म्हणाले, "मला भीती वाटते. आपांसारखं काळीज नाही माझं."

इक्बालभाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. "भाभी," ते म्हणाले, "तिलाबी वाटायची. टूर जवळ आली का रातरात झोपायची नाय, गॅलरीत फिरायची. तुमच्यासमोर बोलली नाय, बस."

मग सुलभाताई ऑपरेशन झालेला पाय सांभाळत खाली बसल्या आणि नकाशाचा उडणारा कोपरा त्यांनी तळहाताखाली दाबून धरला.