घोडेगावच्या पुढे, सोडलेला डोसा सोडवायला

...त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. जामखेडला उन्हाळा तोंडावर आला की पाणी येतं तो दिवस बाकी सगळ्या कामांना मागे सारतो. मी टिपाडं विसळत होते. हे पाईप धरून उभे होते, एक टिपाड भरलं की दुसऱ्यात टाकत होते. गॅसवरचा चहा उकळून अर्धा झाला होता आणि कुणालाच तो गाळायला सवड नव्हती. पाईप हलवता हलवता हे म्हणाले, "यंदा शालनकडं जाताना त्या इडलीवाल्या हॉटेलात उतरायचंच."

मी म्हणाले, "पायावर पाणी सांडतंय."

एवढंच बोलणं झालं. दुपारी आम्ही नेवाशाला शालनवन्संकडे निघालो, आणि एसटी त्या हॉटेलासमोरून नेहमीसारखी न थांबता निघून गेली. पुढच्या उन्हाळ्यात हे नव्हते. वय अठ्ठावन्न. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात स्टुलावर बसल्याबसल्या गेले, हातात तांब्याची तार तशीच होती.

त्या हॉटेलात मी या माघात जाऊन आले. तुमच्यातल्या काही जणी एकटीने प्रवास कसा करता म्हणून विचारतात, त्यांच्या कामी येईल तेही मधेमधे सांगते. पण आधी मी का गेले ते सांगायला हवं, नाहीतर एक डोसा खायला बाई शंभरावर किलोमीटर गेली एवढंच दिसेल.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. माणूस गेलं की चौदाव्या दिवशी जवळच्यांनी त्याच्या आवडीचा एकेक जिन्नस सोडायचा, म्हणजे खायचा बंद करायचा. वर्ष झालं की तो सोडवून घ्यायचा. त्यासाठी गेलेलं माणूस आज हयात असतं तर जेवढ्या वयाचं असतं तेवढ्या वयाचा कुणी गाठायचा, तो जिन्नस आधी त्याला खाऊ घालायचा आणि मग त्यातलाच आपण खायचा. तोवर गेलेला माणूस अर्ध्या वाटेत थांबून राहतो असं म्हणतात. यांच्या चौदाव्याला मुलाने गुलाबजाम सोडले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मसाला डोसा."

थोरल्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "असलं कुनी सोडतंय व्हय? आंबा सोड, केळं सोड." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सोडल्याली वस्तू आपल्या खान्यातली पायजे. तू खातीस का?"

"खाते," मी म्हणाले.

ते खोटं होतं. मी आयुष्यात डोसा खाल्ला नव्हता.

नगरला गेलो की हे स्टँडसमोरच्या हॉटेलात मसाला डोसा खायचे. दुसरा कुठला शौक नव्हता त्यांना. मी शेजारी चहा घेऊन बसायची. पहिला तुकडा मोडून ते ताटली माझ्याकडे सरकवायचे आणि मी म्हणायची, "नको, मला आंबट ढेकर येतात." लग्न नवीन होतं तेव्हा चार परक्या पुरुषांसमोर तोंड उघडून खायची लाज वाटायची. माझ्या माहेरच्या बायका हॉटेलात खात नसत. पुढे लाज गेली, पण उत्तराची सवय राहिली. ताटली सरकवायची सवय यांचीही शेवटपर्यंत राहिली.

वर्षश्राद्धाला सगळ्यांनी आपापलं सोडवून घेतलं. मी म्हणाले, नंतर बघू. जे कधी धरलंच नव्हतं ते सोडवायचं कसं, हे मला कळत नव्हतं. असं करता करता यांना जाऊन तीन वर्षं झाली. मग शालनवन्संचा फोन आला. यांच्या धाकट्या बहीण, नेवाशाजवळ मळ्यात राहतात. म्हणाल्या, "वैनी, सोडवून घ्या आता. दादा तिकडं कुठंतरी अडकल्यागत वाटतंय मला. आमचे मालक त्याच्याच वयाचे हायती, ते येतील हाटेलात. त्यांना खाऊ घाला, तुमी खा, आन् मग घरी या."

मी रविवार ठरवला.

जामखेडहून सकाळची नगर गाडी पकडावी. आष्टी, कडा करत अडीच तास धरावेत. बायकांना अर्धं तिकीट आहे, आधारकार्ड जवळ असू द्यावं. खिडकी डाव्या बाजूची घ्या, ऊन लागत नाही. नगरला माळीवाड्याला उतरून रिक्षाने तारकपूर स्टँडला जायचं, तिथून संभाजीनगरकडे जाणारी कुठलीही गाडी चालते.

तारकपूरहून निघाल्यावर मला गुंगी आल्यासारखं झालं. झोप नव्हती ती. इमामपूरच्या घाटात गाडी वळत होती आणि ऊन एकदा या मांडीवर, एकदा त्या मांडीवर येत होतं. घाट उतरल्यावर ज्वारीची उभी ताटं, हरभरा, मधूनच उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. पाटी आली की मी वाचते. चौथीनंतर शाळा सुटली, मग पुड्याच्या कागदांवरून आणि पुढे वाचनालयातल्या पुस्तकांवरून वाचायला शिकले, तेव्हापासून पाटी सोडवत नाही. धाबा, पंक्चर, रसवंती, खतं, मंगल कार्यालय. एकामागून एक जात राहिल्या आणि मला वाटत राहिलं की हे शेजारच्या सीटवरून नुसते पाय मोकळे करायला उठलेत.

कंडक्टरला मी हॉटेलाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तिथं थांबा न्हाई."

"माहितीये. तीस वर्षं बघतेय, कुठली गाडी कुठं थांबत नाही ते."

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "जेवायला उतरनार व्हय? मग आमालाबी न्या की."

"तुम्ही एकसष्ट वर्षांचे आहात का?"

"न्हाई बा. अजून रिटायर व्हायचंय."

"मग नाही चालायचे," मी म्हणाले. पुढच्या बाकावरच्या दोघी हसल्या. मला घोडेगावला उतरवलं. कांद्याचं मोठं मार्केट आहे तिथे, हवेलाही तो वास. तिथून शेअर रिक्षाने दहा मिनिटं.

या साखळीची हॉटेलं तुम्ही पुणे रस्त्याला, नाशिक रस्त्याला पाहिली असतील. सगळीकडे सारखीच. दाराशी माणसाएवढी पितळी समई, आत केळीच्या पानांची चित्रं, छतातून ऐकू येणारी सनई. रस्त्यावरून बघताना ती काचेची इमारत मला नेहमी पाण्यात ठेवल्यासारखी दिसायची. आत गेल्यावरही तसंच वाटलं. बाहेरचे ट्रक आवाज न करता जात होते. थंडगार हवा, तुपाचा वास, लोकांचं बोलणं कुठून तरी लांबून आल्यासारखं.

बायकांसाठी सांगते, इथली स्वच्छतागृहं चांगली आहेत, कडी लागते, पाणी असतं. रस्त्यावर हे सगळ्यात आधी बघावं. खाण्याचं कुपन आधी काउंटरवर घ्यायचं आणि पडद्यावर आपला नंबर आला की ताट उचलायचं. मला ते माहीत नव्हतं, मी पाच मिनिटं नुसतीच टेबलाशी बसून होते.

तेवढ्यात फोन आला. वन्संचे मालक, बबनभाऊजी. मागे मोटारीचा आवाज. "वैनी, घोटाळा झाला. आज दिवसाची लाईट आलीय. कांद्याला पानी धरलंय, सोडता येत न्हाई. चारला जाईल लाईट, मग येतो. थांबता का?"

तेव्हा साडेअकरा वाजले होते. शेतीला वीज बहुतेक रात्रीच मिळते, त्यामुळे दिवसाची लाईट काय असते ते मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोला समजवायला नको. मी म्हणाले, "पाणी द्या तुम्ही, मी बघते."

खरं तर मला हायसं वाटलं. आज नाही जमलं म्हणून सांगता आलं असतं, आणि त्या खोट्याचं आणखी एक वर्ष निघालं असतं. मी उठणार, एवढ्यात एक जोडपं समोर येऊन उभं राहिलं. रविवारची गर्दी, टेबलं भरलेली.

"बसू का इथं?" बाई म्हणाल्या. बुरखा, हातात मिठाईचा खोका, कपाळावर घाम. मागे त्यांचे यजमान शब्बीरभाई, पांढरी टोपी, मेंदी लावलेली दाढी. नगरचे होते, गादीचं दुकान. भाचीच्या साखरपुड्याला नेवाशाला चालले होते. हे दहा मिनिटांत कळलं, कारण जमीलाबाई सलग बोलत होत्या. शब्बीरभाईंसमोर नुसती इडली ठेवली होती आणि ते शेजारच्या टेबलावरच्या डोशाकडे बघत होते.

"तिकडं काय बघताय?" जमीलाबाई म्हणाल्या. "डॉक्टरनं काय सांगितलं? तेल बंद."

"बघायला कुठं तेल लागतं?"

मी त्यांना विचारलं, "भाई, तुमचं वय काय?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. "एकसष्ट," ते म्हणाले. "का हो?"

मग मी सांगितलं. रीत सांगितली, यांचं जाणं सांगितलं, कांद्याला धरलेलं पाणीही सांगितलं. सांगताना माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. जमीलाबाईंनी मिठाईचा खोका टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "यांना विचारता? फुकट डोसा म्हटल्यावर हे सत्तर सुद्धा सांगतील वय." आणि नवऱ्याकडे वळून, "सुनो जी, एक टुकडा. बस एक. उनके नाम का है."

"रीत तुमची," शब्बीरभाई मला म्हणाले, "मी चालतो का त्यात?"

"रीत फक्त वय विचारते," मी म्हणाले. ते मात्र खरं आहे.

मी जाऊन कुपन घेतलं. पडद्यावर नंबर आला. ताटाच्या बाहेर गेलेला, कडेला जाळीदार झालेला डोसा, वाफ येत होती. मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं. ते उठून हात धुऊन आले. "नाव काय होतं त्यांचं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तीस वर्षांत मी ते नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, कडेचा तुकडा मोडला, भाजी घेतली, सांबारात बुडवला, डोळे मिटून खाल्ला. दुसरा मोडायला हात पुढे केला.

"जी," जमीलाबाई म्हणाल्या.

हात मागे गेला. मग त्यांनी ताट दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. "घ्या ताई. गरम आहे तोवर."

 ढेकर येतात, हे शब्द जिभेवर आले होते. मला एवढीच भीती होती की आवडला नाही तर. मी तुकडा मोडला.

आवडला. कडेला कुरकुरीत, आत मऊ, थोडासा आंबट, बटाट्यात मोहरी आणि कढीपत्ता. सांबार आपल्याकडच्यासारखं गोडसर. मी दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला, आणि मग मला राग आला. यांचा नाही. जी बाई तीस वर्षं त्या ताटलीशेजारी चहा पीत बसली तिचा. एवढी चांगली वस्तू, दोघांत एक आली असती. ते अर्धा खायचे, मी अर्धा. ते काही बोलले असते, मी काही बोलले असते. मी खात होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि खाणं थांबत नव्हतं. जमीलाबाईंनी त्यांच्या वाटीतली चटणी माझ्या ताटात ओतली. पूर्ण डोसा मी एकटीने संपवला.

"आंबट ढेकर येतोय का बघा," शब्बीरभाई म्हणाले. मी त्यांना ढेकराचंही सांगितलं होतं.

"नाही येत," मी म्हणाले.

त्यांच्याच गाडीतून नेवाशापर्यंत गेले. संध्याकाळी वन्सं मला प्रवरेच्या काठाला घेऊन गेल्या. ज्ञानेश्वरांच्या खांबापाशी लोक शांत बसले होते, पाण्यावर धुरकट उजेड होता. पायऱ्यांवर बसल्यावर त्या म्हणाल्या, "सुटला आता दादा. कसा हुता डोसा? पयल्यासारकाच?"

मी म्हणाले, "पहिल्यासारखाच." त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की खरं सांगवेना. भाऊजी आमच्या मागे उभे होते, चिखलाचे पाय घेऊन, न आल्याबद्दल तिसऱ्यांदा माफी मागत.

सोमवारी परत आले. येताना बस त्या हॉटेलासमोरून गेली आणि थांबली नाही, मीही मान वळवली नाही. नगरमध्ये गाडी बदलली, कड्याला चहा घेतला, दिवेलागणीला घर. कुलूप काढून आत आले तेव्हा वाटलं होतं की काहीतरी कमी झालेलं असेल. त्यांच्यासाठी करायचं शेवटचं काम मी करून आले होते. पण घर होतं तसंच होतं. फक्त एक नवीन गोष्ट माझ्याकडे आली होती: त्यांना काय आवडायचं ते आता मला माहीत होतं. नुसतं पाहून नाही, चवीनं. ते तीन वर्षं उशिरा आलं, तरी आलं. आणि त्याच्या जोडीला ते खोटंही तसंच बसून होतं, प्रवरेच्या पायऱ्यांवर 'पहिल्यासारखाच' म्हणून मी त्याला आणखी एकदा बसायला जागा दिली होती. वन्सं अजून समजत होत्या की त्यांच्या दादानं आणि मी मिळून कितीतरी डोसे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी धुणं वाळत घातल्यावर मी शालनवन्संना फोन केला आणि सांगितलं, त्या रविवारच्या आधी मी डोसा कधी खाल्लाच नव्हता.