माझ्या लॅपटॉपमधलं दुसऱ्याचं लग्न

मूल गावच्या बाजारगल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. बायका ब्लाऊज शिवायला येतात आणि कापड टेबलावर ठेवतानाच सांगतात, "मागच्या साली माझ्या नणंदेचा शिवला होता ना, तसाच गळा पायजे." कोणाच्या नणंदेचा कोणता गळा, हे किती दिवस लक्षात ठेवणार? म्हणून शिवलेला प्रत्येक ब्लाऊज गिऱ्हाइकाला देण्याआधी मी त्याचे फोटो काढून ठेवू लागले. एक पाठीचा, एक बाहीचा. फोन भरला की फोटो लॅपटॉपमध्ये टाकायचे आणि फोन रिकामा करायचा. लग्नाआधी मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यामुळे एवढं मला जमत होतं.

लॅपटॉप जुनाच घेतलेला. नागभीडचा एक फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथलं सामान निघालं, त्यात तो मिळाला. चार-पाच वर्षं त्याने चांगलं काम केलं. ब्लाऊजसोबत घरचेही फोटो त्यातच साठत गेले. मुलगी सायकल शिकली तेव्हाचे, दुकानाचं उद्घाटन झालं तेव्हाचे, माझ्या आईने पहिल्यांदा चष्मा लावला तेव्हाचा. दुसरीकडे कुठे त्याची कॉपी ठेवावी, असं एकदाही मनात आलं नाही.

माझे मिस्टर राइस मिलमध्ये काम करतात. एक दिवस ते म्हणाले, "तुझा लॅपटॉप लय हळू चालून राह्यला. आमच्या मिलच्या भाऊच्या ओळखीचा एक जण आहे, त्याच्याकडून ठीक करून आणतो." संध्याकाळी घेऊन आले. सुरू केला तर खरंच झटकन सुरू झाला. मी ब्लाऊजचं फोल्डर शोधू लागले. ते नव्हतं. घरच्या फोटोंचंही नव्हतं. कुठलंच फोल्डर नव्हतं.

"यातले फोटो कुठी गेले?" मी विचारलं.

"कोणते फोटो?" ते म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे पाहून खुर्चीवर बसले.

त्यांनी लगेच फोन लावला. तो माणूस म्हणाला, मी विचारलं होतं, आतलं काही ठेवायचं आहे का म्हणून, तुम्हीच नाही म्हणाले, म्हणून सगळं पुसून नवीन केलं. मिस्टरांनी हे माझ्यापासून लपवलं नाही. "मले वाटलं, आतलं म्हणजे आतला कचरा," ते म्हणाले. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते रोज सकाळी उठून माझ्यासाठी चहा करायचे आणि त्यात इतकं अद्रक टाकायचे की घसा जळायचा. मी तो मुकाट्याने प्यायचे.

तिसऱ्या दिवशी मला माझ्या कोर्सच्या मॅडम आठवल्या. आता साठीच्या आहेत, पण बसस्टँडजवळ त्यांचा क्लास अजून चालतो. मी त्यांना फोन लावून रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पुसल्यानंतर त्यात काही नवीन टाकलं का?"

"नाही मॅडम. एकदा उघडून पाहिला, मग हातच लावला नाही."

"मग सुरूच करू नको. तसाच घेऊन ये."

मॅडमनी मला समजावलं ते अगदी सोपं होतं. आपण फोटो पुसतो तेव्हा कॉम्प्युटर फोटो पुसत नाही, फक्त त्याच्या यादीतून नाव कापतो आणि ती जागा रिकामी आहे असं धरून चालतो. त्या जागेवर नवीन काही येऊन बसेपर्यंत जुनं तिथेच असतं. "रजिस्टरमधून नाव कापलं, पण पोरगा वर्गातच बसून आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी स्क्रू खोलून लॅपटॉपची डिस्क बाहेर काढली, एका डबीत बसवली आणि वायरने स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. हरवलेल्या फाइली शोधण्याचं एक सॉफ्टवेअर त्यांच्याकडे होतं. काम तासन् तास चालणार आणि मध्ये लाईन गेली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून आम्ही सगळं माझ्या दुकानात मांडलं. मशीनसाठी मी इन्व्हर्टर घेतलेला होता.

सकाळी दहाला सुरू केलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मी एक फॉल लावून झाला की बघायचे, दुसरा लावून झाला की बघायचे. दुपारी जेवणाच्या वेळेला पहिला फोटो आला. जांभळ्या ब्लाऊजची पाठ, त्याला मोत्यांचे लटकन. मग एकामागून एक पाठी येऊ लागल्या. गिऱ्हाइकं कपडे घ्यायला यायची आणि तिथेच थांबायची. एक बाई म्हणाली, "हा माह्या भाचीच्या साक्षगंधाचा." दुसरी म्हणाली, "नाई वो बाई, हा माह्या जावेचा, तिची पाठ ओळखतो मी." त्या दुपारी दुकानात बसायला जागा उरली नव्हती.

फोटो परत आले, पण त्यांची नावं गेली होती. प्रत्येकाला नुसता एक लांबलचक आकडा. कोणता कोणाचा, कोणत्या वर्षीचा, काही कळेना. काही अर्धेच आले, खालचा भाग सगळा राखाडी. आईच्या चष्म्याचा फोटो नाकापर्यंत आला. चष्मा मात्र पूर्ण होता, म्हणून मी समाधान मानलं. उद्घाटनाचे फोटो आलेच नाहीत. मुलीची सायकल आली, ती पडली तो फोटोसुद्धा आला. संध्याकाळी मिस्टर मिलमधून थेट दुकानात आले, मागे उभे राहून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "सापडले ना?" मी म्हटलं, "सापडले. उद्यापासून चहात अद्रक कमी टाका."

दुसऱ्या दिवशी मी फोटो निवडायला बसले, तेव्हा त्यात एक नवरी निघाली.

मी तिला ओळखत नव्हते. हळद, मांडव, अक्षता, जेवणाच्या पंगती, पाठवणी, असे दोनशेच्या वर फोटो होते. नवरीच्या ब्लाऊजची बाही ढिली होती आणि आतून सेफ्टी पिन लावलेली दिसत होती. माझ्या हातचं काम नव्हतं ते. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हे तुझ्या आधीचं आहे. स्टुडिओवाल्याने पुसलं असेल आणि त्या जागेवर तुझं काही बसलं नसेल."

स्टुडिओवाल्या भाऊंचा नंबर माझ्याकडे होता. ते आता नागपूरकडे राहतात. मी लग्नाचं वर्णन केलं, ढिल्या बाहीपर्यंत. ते म्हणाले, "ताई, ते फोटो माह्या हातून उडाले होते. अल्बम बनवाच्या आधीच. त्या लोकायले मी काहीच देऊ शकलो नाई. लय बोलणी खाल्ली, आणि खायलाच पायजे होती." त्यांनी मला नवऱ्या मुलाचा नंबर दिला. "तुमीच द्या त्यायले. मी फोन केला तं उचलणार नाई ते."

मी फोन केला, नवऱ्या मुलाने उचलला. मी म्हटलं, "तुमच्या लग्नाचे फोटो माझ्याकडे आहेत." तो म्हणाला, "आमाले काही घ्यायचं नाई," आणि फोन ठेवला. आजकाल असे किती फोन येतात, त्याचं काही चुकलं नाही. मग मी एक फोटो निवडला, दोघं हार घालून उभे आहेत तो, आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. मिनिटभरात फोन वाजला. या वेळी बाईचा आवाज होता.

"हे तुमाले कुठी भेटले?"

मी सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "सगळे आहेत? हळदीचे बी?" आणि मग म्हणाली, "ताई, पाठवू नका. घेऊनच या. आमी सगळे संगंच पाहू."

पोळा झाल्यानंतरच्या रविवारी मी सकाळच्या पॅसेंजरने निघाले. बांध्यांमध्ये धान गुडघ्याच्या वर आलं होतं आणि गाडी सिंदेवाहीला हवी त्यापेक्षा जास्त थांबली. नागभीडला तो मुलगा स्टेशनवर घ्यायला आला होता. गाडीवर बसता बसता म्हणाला, "त्या दिवशी फोन ठेवला, माफ करा. मले वाटलं तुमी लोनवाल्या आहात."

घरी त्याची बायको होती, आई होती आणि शेजारच्या चार-पाच बायका येऊन बसल्या होत्या. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. सहा वर्षांपूर्वीचं लग्न, आणि त्यांच्याजवळ त्याचा एकही धड फोटो नव्हता. कोणाच्या फोनमधले दोन-तीन धुरकट, तेवढेच. पण फोटो नव्हते म्हणून त्या लग्नाच्या गोष्टी मात्र पक्क्या झाल्या होत्या. त्या रोज सांगितल्या जायच्या, हे मला पुढच्या अर्ध्या तासात कळलं.

पहिली गोष्ट मुलाच्या आईची, म्हणजे सासूबाईंची. त्या वरातीत नाचल्या नव्हत्या, असं त्या सांगत आल्या होत्या. टीव्हीवर त्या बँडच्या अगदी पुढे होत्या, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात वर. खोलीत सगळे हसू लागले. त्या निवांतपणे म्हणाल्या, "ते मी कोणाले तरी बोलवून राह्यली."

दुसरी गोष्ट पाठवणीची. सून म्हणायची की पाठवणीत तिच्यापेक्षा नवराच जास्त रडला. तो म्हणायचा, डोळ्यात धूर गेला होता. फोटो आला. नवरी कोरड्या डोळ्यांनी गाडीत बसलेली आणि नवरा सासऱ्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देतोय. आजूबाजूला धुराचा पत्ता नव्हता.

"धूर कुठी आहे?" बायकोने विचारलं.

"फोटोत येत नाई तो," तो म्हणाला आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेला.

मग हळदीचे फोटो आले. तिथे सून पुढे सरकून बसली. सहा-सात फोटो गेल्यावर म्हणाली, "थांबवा." तिने उठून टीव्हीजवळ जाऊन पाहिलं. फोटोत ती डोळे मिटून पाटावर बसली होती, आणि एक बाई खाली वाकून तिच्या पायाला हळद लावत होती. त्या बाईच्या खांद्यावर प्रवासाची पिशवी तशीच अडकवलेली होती.

"ही माही मोठी बहीण," ती म्हणाली. "तिची गाडी चुकली होती. मी सहा वर्षं तिले म्हणून राह्यली, माह्या हळदीले तू आलीच नाई. ती म्हणे, आल्ती, तुझे डोळे बंद होते. मले खोटं वाटे."

तिने तिथेच बहिणीला फोन लावला. आम्ही सगळे ऐकत होतो, याची तिला पर्वा नव्हती. "बाई, तू आल्ती," एवढंच म्हणाली. पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला कळलं नाही, पण ते बरंच लांब होतं आणि ऐकताना ती एकदा हसायची, एकदा पदराने नाक पुसायची. सासूबाईंनी मला खूण केली आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन वडे तळू लागलो.

जेवणं झाल्यावर मी स्टुडिओवाल्या भाऊंचा विषय काढला. बोलणी खायलाच पाहिजे होती, असं ते स्वतः म्हणाले, हे सांगितलं. नवरा म्हणाला, "द्या त्यायचा नंबर. मी बोलतो." आणि खरंच बोलला. फोनवर दोघं आधी एकमेकांची माफी मागत होते, मग पिकाचं विचारू लागले.

निघताना मी तिला म्हटलं, "आता हे तुमचे फोटो माझ्या लॅपटॉपमधून काढून टाकू का? घरची गोष्ट आहे तुमची."

ती म्हणाली, "काऊन? राहू द्या. इथून गेले तं तुमच्याकडून मांगता येते."

मॅडमनी मला हेच शिकवलं होतं. महत्त्वाच्या फाइलींच्या दोन तरी कॉप्या वेगळ्या डिस्कवर ठेवायच्या आणि त्यातली एक दुसऱ्या गावी असावी. घराला आग लागली, पूर आला, तरी ती वाचते. मी तेव्हा मान डोलावली होती, पण दुसऱ्या गावी ठेवायला माझं होतं कोण? माहेर मूलच, सासर मूलच.

आता माझी एक डिस्क दुकानात असते, आणि दुसरी नागभीडला त्यांच्या कपाटात, तिच्या लग्नाच्या शालूच्या घडीत. दर पोळ्यानंतर मी जाते आणि वर्षभराचे नवे फोटो त्या डिस्कवर चढवते. यंदा गेले तेव्हा तिची मोठी बहीणही आली होती. तिने माझ्या ब्लाऊजचे सगळे फोटो निवांत बसून पाहिले, एका पाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "असा मले शिवून द्यान का? पण बाही ढिली नोको ठेवजा." मी पर्समधून टेप काढली आणि तिचं माप घेतलं.