आडवा तळहात

तळहात पालथा करून हवेत आडवा धरायचा, झोपलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि हळूच म्हणायचं, “हलवू नका. डोळा लागतोय तिचा.”

ती म्हणजे नदी, आणि ही सवय काकांची. काका आमच्या जर्मनीतल्या बंधाऱ्यावरचे जुने माणूस. मूळचे मिरजेचे, बायको जर्मन. कडाक्याची थंडी पडली की पाणी कमी आणि एकसारखं सोडायचं, म्हणजे बर्फाची साय सलग धरते. मध्येच पाणी वाढलं तर ती फुटते आणि तुकडे पुलाशी तुंबतात. एवढंच शास्त्र. ते समजून घ्यायला आमच्या ऑफिसात तीन समित्या होत्या.

पुढे दरवाजे मी फ्रँकफर्टहून संगणकावर हलवू लागलो, काकांकडे फक्त पाहणी उरली. सकाळी विजेची मागणी वाढली की माझा प्रोग्रॅम पाणी वाढवायचा. मीटिंगमध्ये साहेबांचा आवाज चढला की काकांचा तळहात टेबलावर आडवा व्हायचा. असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल, बघा.

एका जानेवारीत दुपारी त्यांचा फोन आला. “पुणेकर, साय धरतेय. तीन दिवस पाणी वाढवू नका.”

“काका, आंट्राग पाठवा. लेखी अर्ज लागतो, साहेबांच्या सहीचा.”

“साहेब आल्प्सला बर्फावर घसरायला गेलेत. आणि नदी अर्ज वाचते का हो?”

“आल्झो, म्हणजे... नियम आहे.”

थांबवायचं बटण माझ्यासमोरच होतं.

दुसऱ्या सकाळी बर्फ फुटला, पुलाशी तुंबला, होड्यांच्या क्लबचं नवंकोरं शेड भुईसपाट झालं.

चौकशीत विचारलं, “आधी सूचना मिळाली होती?” काका शेजारीच बसले होते.

मी म्हणालो, “लेखी नाही.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग तळहात टेबलावर आडवा ठेवून म्हणाले, “गेनाऊ. अगदी बरोबर.”

अहवालात आलं की पाहणी करणाऱ्याने सूचना दिली नाही. त्यांना मुदतीआधी निवृत्त केलं, रीतसर केक कापून. मोठा तुकडा त्यांनी माझ्या बशीत ठेवला. “घ्या. नोकरी शाबूत, आता तुमच्या इथे राहायच्या परमिटचं काम होईल.”

काका वारले त्याला वर्ष झालं. यंदा थंडी कडक पडली. फोन कुणाचाच आला नाही. मी बटण दाबून प्रोग्रॅम थांबवला आणि अर्ज भरायला बसलो.

‘सूचना कुणी दिली’ या रकान्यात काकांचं नाव लिहिलं. ‘कधी’ या रकान्यात त्या जानेवारीतल्या दुपारची तारीख. ‘फोन कुणी घेतला’ असा रकाना नव्हता. तो समासात मीच आखला आणि खाली सही केली.